कुणाचं बोट धरून मूसच्या जंगलात शिरायचं?

अमेरिकेतल्या मेन राज्यात मूसची, म्हणजे तिकडच्या प्रचंड हरणाची, शिकार करायची तर बंदुकीच्या आधी नशीब लागतं. दर जूनमध्ये तिथल्या वन्यजीव खात्याची सोडत निघते. 1930 च्या दशकात बंद झालेली ही शिकार 1980 मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा 700 परवाने होते. आजकाल 4,000 च्या आसपास निघतात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. वर्षानुवर्षं अर्ज भरून हात चोळत बसलेली माणसं त्या राज्यात गावोगावी सापडतील. माझा मेव्हणा बँगोरला राहतो. त्याचं नाव फारशी वाट न बघता लागलं, त्यामुळे त्याच्या ऑफिसातले काही जुनेजाणते बरेच दिवस त्याच्याशी तुटक वागत होते म्हणे.

“दाजी, लागला परवाना! आता गाईड ठरवायचा. तुम्ही पाहिजेत.”

“अरे, मला बंदुकीतलं काय कळतंय?”

“बंदुकीचं नाही हो. माणसांचं.”

मी वूस्टरला एका कारखान्याच्या खरेदी खात्यात आहे. कंत्राटदारांकडून दर मागवायचे आणि त्यांच्या कोटेशनमध्ये काय लिहिलेलं नाही ते शोधायचं, यात माझी हयात गेली. मेव्हण्याला एवढी पात्रता पुरेशी वाटली.

तसं पाहिलं तर मेनमध्ये गाईड घ्यायची सक्ती नाही. कायदा जागोजागी वेगळा आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला परवानाधारक गाईड सोबत असल्याशिवाय मूसच्या मागे जाता येत नाही. 1904 साली हाउली गावाजवळ चार मूस सोडले होते. आज त्या बेटावर लाखभर आहेत, आणि त्यांच्या जिवावर आउटफिटर मंडळींचा, म्हणजे शिकारीची सगळी सोय करून देणाऱ्यांचा, अख्खा धंदा उभा आहे. अलास्कात आणखी निराळं. दुसऱ्या राज्यातल्या अमेरिकन माणसाला तिथे तपकिरी अस्वल, डॉल मेंढी आणि डोंगरी बकरी यांच्यासाठी गाईड लागतो, मूससाठी नाही. पण उद्या माझा पुतण्या पुण्याहून थेट तिकडे शिकारीला गेला, तर त्याला मूससाठीही गाईड घ्यावाच लागेल, कारण तो परदेशी. शिवाय तिथे करार फक्त रजिस्टर्ड गाईडच करू शकतो, त्याच्या हाताखालचा असिस्टंट गाईड नाही. आणि ज्याला ट्रान्सपोर्टर म्हणतात तो छोट्या विमानाने तुम्हाला रानात सोडतो आणि ठरल्या दिवशी परत आणतो, बस्स. शिकारीत त्याने हात घालायचा नाही. हे सगळं पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं, कारण अलास्कातल्या गाईडसकट मूसच्या शिकारीचे आकडे वीस हजार डॉलरच्या पुढे जातात.

मेनमध्ये तुमचं तुम्ही जाऊ शकता. लाकूड कंपन्यांच्या मालकीच्या जंगलात शिरायचं, गेटवर पैसे भरायचे, खडीच्या रस्त्यावरून गाडी सावकाश हाकायची आणि झाडं तोडून मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर दुर्बीण फिरवायची. समोरून ओंडक्यांचा ट्रक आला की आपण बाजूला व्हायचं, रस्ता त्याचा. नशीब बरं असेल तर मूस दिसतोही. खरी पंचाईत तो पडल्यानंतर होते.

पूर्ण वाढलेला नर चारशे किलोच्या घरात भरतो. ताडोबातलं थोराड सांबरही त्याच्यापुढे लहान दिसावं. त्याचा एकेक मागचा पाय पन्नास किलोच्या आसपास. पहिला हंगाम सप्टेंबरच्या शेवटी असतो. माजाचे दिवस असल्याने नर हाकेला ओ देतात, म्हणून शिकाऱ्यांना तो हवा असतो. पण त्याच आठवड्यात दुपारचं ऊन पंचवीस अंशांपर्यंतही जाऊ शकतं. त्या जाड कातड्याखाली अंगाची धग कोंडून राहते आणि मांडीच्या हाडापाशी मांस आतून आंबायला लागतं. वरून लालभडक, आतून वास मारतंय, असा प्रकार. ऑक्टोबरचा हंगाम मांसाला सोयीचा, हाकेला कमी सोयीचा. म्हणजे गोळी झाडणं हे अर्ध्या मिनिटाचं काम, आणि त्यापुढचे सहा-आठ तास हमाली, खाटीकखाना आणि बर्फाचा हिशेब. हे लक्षात आल्यावर गाईडला काय विचारायचं ते आपोआप ठरत गेलं.

आम्ही मेव्हण्याच्या स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून एकेकाशी बोलायला बसलो. सुरुवातीला ज्यांच्याशी बोललो ते सगळे शिंगांवरच बोलले. किती इंच पसारा, किती टोकं, गेल्या वर्षी कुणाला केवढा मिळाला. एकाने सांगितलं, “माझा सक्सेस रेट नव्वद टक्क्यांच्या वर आहे.” टक्केवारी ऐकली की मला आधी विचारावंसं वाटतं, कशाची? मेनमध्ये राज्याचे विभाग पाडलेले आहेत, परवाना कुठल्या विभागासाठी ते सोडतीतच ठरतं. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या उत्तरेकडच्या विभागांत मूस पुष्कळ, तिथे गाईडशिवाय गेलेल्यांचाही हात सहसा रिकामा राहत नाही. दक्षिणेत मूस विरळ, तिथे कसलेला गाईडही आठवडाभर नुसता फिरेल. तेव्हा ते नव्वद टक्के त्या माणसाचे किती आणि त्या विभागाचे किती? त्याला विचारलं तर म्हणाला, “तुम्ही निर्धास्त राहा.” निर्धास्त राहा म्हणणाऱ्या कंत्राटदाराची फाईल मी बाजूला ठेवतो.

दुसरा प्रश्न माझ्या आईचा म्हणायला हवा. घरच्या कार्याला आचारी ठरवताना ती जिलबी कशी करता असं कधी विचारायची नाही. विचारायची, “त्या दिवशी तुम्ही स्वतः येणार का भाच्याला पाठवणार?” मूसच्या आठवड्यात नावाजलेल्या गाईडकडे एकाच वेळी तीन-चार गिऱ्हाइकं असतात. फोनवर गोड बोलणारा एक आणि पहाटे चारला गाडी घेऊन दारात उभा राहणारा दुसराच. तो दुसरा वाईटच असेल असं नाही, पण त्याचं नाव, त्याचा परवाना आणि त्या विभागात त्याने काढलेली वर्षं आधी कळायला हवीत. दोघांनी हे सांगायला खळखळ केली, त्यांची नावं कटाप.

मग मी एक मागणी पुढे केली, जिच्यामुळे मेव्हणा टेबलाखालून मला लाथ मारत होता. “ज्यांना तुमच्याबरोबर येऊन मूस मिळाला नाही, अशा गिऱ्हाइकाचा नंबर द्या.” खूश गिऱ्हाइकांचे नंबर सगळेच देतात. एक जण म्हणाला, असं कुणी नाहीच. एकाने विषय बदलला. आणि मूसहेड सरोवराकडचा एक वयस्कर गाईड मोठ्याने हसला. “एक आहे. पण तो माझ्याबद्दल चांगलं बोलणार नाही, सांगून ठेवतो.”

त्या माणसाला आम्ही फोन केला आणि तो खरंच चांगलं बोलला नाही. त्याची तक्रार अशी, की गाईडने त्याला दोनदा बंदूक खाली घ्यायला लावली. एकदा मूस दलदलीच्या पलीकडे होता, एकदा उजेड संपत आला होता. “मी पैसे भरले होते, आणि हा मला म्हणतो नको!” त्या गृहस्थांचा राग कित्येक वर्षांनी तसाच ताजा होता. फोन ठेवल्यावर मी मेव्हण्याकडे बघितलं. तो म्हणाला, “दाजी, याला नको घ्यायला.” मी म्हटलं, “यालाच घ्यायचं.”

त्यावरून आमची बरीच वादावादी झाली. मेव्हण्याचं म्हणणंही बिनबुडाचं नव्हतं. पुन्हा नाव लागेल न लागेल, परवाना सहा दिवसांचा, सोमवार ते शनिवार. आणि मेनमध्ये रविवारी शिकारीला बंदी. त्यातला एक मूस गाईडच्या ‘नको’पायी गेला तर? निकाल त्या गाईडनेच लावला. ठरवून फोन केला आणि आमची उलटतपासणी सुरू केली. विभाग कुठला, हंगाम कुठला. बंदूक कोणती आणि ती किती अंतरावर जुळवून घेतली आहे. दोघांपैकी कुणाची पाठ, गुडघा, हृदय? कूलर किती आहेत? बँगोरमधल्या खाटकाकडे नंबर लावला का? (मूसच्या आठवड्यात या खाटकांकडे आपल्याकडच्या गटारीच्या रविवारसारखी रांग असते, उशिरा गेलेला माणूस चारशे किलो घेऊन दारोदार फिरतो.) आणि शेवटी, “एवढं मांस खाणार कोण?” मेव्हण्याने नावं मोजायला सुरुवात केली, तेव्हा फोनवरचा आवाज पहिल्यांदा सैल पडला.

पैसे भरायच्या आधी त्याला भेटायला आम्ही उत्तरेकडे निघालो. बँगोर सोडल्यावर थोड्याच वेळात ओल्ड टाउन लागतं. पेनॉबस्कॉट नदीतल्या तिथल्या बेटावर पेनॉबस्कॉट या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची वस्ती आहे. 1857 च्या जुलैत लेखक हेन्री डेव्हिड थोरो याच बेटावर गाईड शोधत आला होता. आपण त्याला ओळखतो ते गांधीजींमुळे, पण मेनमध्ये त्याची ओळख जंगलात तीनदा येऊन गेलेला पाहुणा अशी. जो पॉलिस नावाचा पेनॉबस्कॉट माणूस अंगणात हरणाचं कातडं कमावत होता. थोरोने विचारलं, आमच्याबरोबर येईल असा कुणी चांगला माणूस माहीत आहे का? पॉलिस म्हणाला, मीच येतो, मला मूस मारायचाय. त्याने रोजचे दोन डॉलर मागितले, दीडवर तुटलं, वर होडीचे आठवड्याला पन्नास सेंट. मला माहीत आहे ते सगळं तुला सांगेन आणि तुला माहीत आहे ते सगळं तू मला सांगायचं, असा आणखी एक करार थोरोने केला. पॉलिस कबूल झाला. रविवारी काम करायचं नाही असा त्याचा बाणा होता, पण शेवटच्या हिशेबात त्याने रविवारही धरले, हे थोरोने न विसरता लिहून ठेवलं आहे. खरेदी खात्यातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

मला पॉलिसची थोरवी वाटते ती मात्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी. त्या सफरीत थोरोचा सोबती एडवर्ड होर चालताना वाट चुकला आणि अंधार पडला तरी आला नाही. थोरोचा जीव खालीवर होऊ लागला, आत्ताच शोधायला निघू म्हणाला. पॉलिसने साफ नकार दिला. अंधारात काही होणार नाही, सकाळी सापडेल. रात्र उबदार आहे, इथे वाईट जनावर नाही, तोही आपल्यासारखाच कुठेतरी मुक्काम करेल. आणि होर सकाळी सापडला. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला, ज्याच्या हातात आपली मजुरी आहे त्याला, रात्रीच्या जंगलात ‘आत्ता नाही’ असं सांगायला काय लागतं? रस्ता माहीत असणं वेगळं आणि हे वेगळं.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत शिकारीचे फोटो असतात. साहेब किंवा राजेसाहेब वाघावर पाय ठेवून उभे. ज्याने माग काढला, ज्याने मचाणाची जागा दाखवली, तो पारधी फोटोच्या कडेला अर्धा कापलेला, नाव तर नाहीच. 1972 च्या कायद्याने आपल्याकडची शिकार संपली ते चांगलंच झालं, मी त्याबद्दल हळहळणाऱ्यांतला नाही. पण त्या कडेच्या माणसाला काय काय येत होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही, याची चुटपूट वाटते.

मेनने निदान या कामाला 1897 मध्येच कायद्याने नाव दिलं. गाईडने नोंदणी करायची असा नियम झाला आणि पहिल्याच वर्षी 1,300 वर नोंदी झाल्या. पहिला परवाना मिळाला तो कॉर्नेलिया क्रॉस्बी या बाईंना, ज्यांना सगळे ‘फ्लाय रॉड’ म्हणत. आज लेखी आणि तोंडी परीक्षा असते, नकाशा आणि होकायंत्र हातात देतात, आणि तोंडी परीक्षेत एक प्रसंग सोडवायला लावतात: तुमचं गिऱ्हाईक जंगलात हरवलंय, काय कराल? पॉलिस या परीक्षेत बसला असता तर ‘सकाळपर्यंत थांबेन’ म्हणाला असता. किती मार्क दिले असते कोण जाणे.

गाईडच्या घरी भिंतीवर शिंगं होती, पण दाखवायला त्याने आम्हाला नेलं ते गॅरेजमध्ये. तिथे पुल्या, दोर, प्लास्टिकची बर्फगाडी, धुऊन वाळवलेल्या सुती पिशव्यांची चळत आणि मांस टांगायची आडवी तुळई. “रस्त्यापासून किती लांबवर गोळी झाडू देता?” मी विचारलं. त्याने खिडकीतून समोरच्या शेजाऱ्याच्या खळ्याकडे बोट केलं. “साधारण तेवढं. मध्ये पाणी असेल तर तेवढंही नाही.” तिथेच आगाऊ रकमेचा चेक फाडला.

शिकारीची गोष्ट फार लांबवत नाही. पहाटे गाईडने तोंडाशी दोन्ही हात धरून मादीची हाक दिली. लांबलचक, नाकातली, शेवटी हेल काढणारी. मग मूसच्याच खांद्याचं वाळकं हाड घेऊन त्याने झुडपांवर घासलं, दुसरा नर शिंगं घासतोय असं वाटावं म्हणून. मूसची नजर बेताचीच, कान आणि नाक मात्र जबरदस्त. बऱ्याच वेळाने पलीकडून घोगरं ‘घ्वाँक’ आलं आणि धुक्यातून एक प्रचंड नर बाहेर पडला. पोटापर्यंत पाण्यात, काळ्या चिखलाच्या दलदलीत. मेव्हण्याने बंदूक खांद्याला लावली. गाईडने त्याच्या दंडाला नुसता हात लावला. “नको. तो तिथे पडला तर संध्याकाळपर्यंत बाहेर निघणार नाही. आज ऊन आहे.” मूस आमच्याकडे बघत उभा राहिला आणि मग सावकाश निघून गेला. मेव्हणा गाईडला काही बोलला नाही. मला मराठीतून जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतर मिळाला तो त्याच्याहून लहान नर, ओंडके ओढायच्या जुन्या वाटेवर, ट्रकपासून हाकेच्या अंतरावर. तोवर सकाळ नीट उजाडली होती. गाईडने टोपी काढली, क्षणभर थांबला आणि मग घाई सुरू केली. आखूड पात्याचा सुरा, पातं बोथट झालं की खट्कन नवं. कातडं सोलताना केस मांसाला चिकटू द्यायचे नाहीत यावर त्याचा भारी कटाक्ष. एकेक केस चिमटीने उचलायला त्याने मला बसवलं. आधी त्याने मागच्या मांडीच्या सांध्याशी हाडापर्यंत चीर दिली, वाफ बाहेर पडली, तो वाकला आणि त्या चिरेत नाक घालून हुंगला. मान हलवली. मगच बर्फाच्या पिशव्या आल्या. मी आयुष्यात अनेक इन्स्पेक्टर पाहिले, असं इन्स्पेक्शन पाहिलं नव्हतं.

माझ्या मनात तेव्हा कलेजी होती, हे कबूल करतो. साताऱ्याकडचा माणूस, ताजं जनावर समोर. गाईड म्हणाला, कलेजी आणि गुर्दे सोडून द्या. मूसच्या या दोन्हींत कॅडमियम हा विषारी धातू साठतो, खाऊ नका असं राज्यच सांगतं. आम्ही मुकाट ऐकलं.

वजनकाट्यावर खात्याच्या मुलीने वय कळावं म्हणून दात काढून घेतला आणि केसांत बोटं घालून गोचिड्या मोजल्या. मेनच्या मूसचं खरं दुखणं हेच आहे. हिवाळा उशिरा सुरू होऊ लागला तशा गोचिड्या वाढल्या; एकेका जनावरावर हजारोंनी चढतात, आणि वसंतात रक्ताविना वासरं मरतात. गाईड तिच्याकडून आकडा विचारून घेत होता, स्वतःच्या वहीत लिहीत होता. शिंगांची रुंदी कुणीतरी मोजली तेव्हा तो बर्फ बदलायला गेला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात मेव्हण्याला ओहायोहून एका माणसाचा फोन आला. गाईडनेच आमचा नंबर दिला होता. मेव्हण्याने तो मला जोडून दिला, “हे आमचे दाजी, हे सांगतील.” मी पुल्यांचं सांगितलं, दलदलीतल्या नराचं सांगितलं, हाडाशी नाक घालून हुंगण्याचं सांगितलं. तिकडून हं, हं येत होतं. मी थांबल्यावर त्याने विचारलं, “बरं, पण शिंगं किती इंच होती?” मी आकडा सांगितला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, आणखी दोघांशी बोलून बघतो.